स्कॅन स्वच्छ, तरीही गाडीत बसायचं नाही

ड्रायव्हर भिंतीवर आदळला, हेलिकॉप्टरने हॉस्पिटलात गेला आणि संघाने दोन ओळींचं पत्रक काढलं, की तर्कांना ऊत येतो. फॉर्म्युला वनमधला याचा गाजलेला नमुना म्हणजे फर्नांडो अलोन्सोचा बार्सिलोनातला अपघात. तारीख २२ फेब्रुवारी २०१५, हंगामाआधीच्या चाचण्यांचा दिवस, गाडी मॅक्लारेन-होंडा. तीन रात्री हॉस्पिटलात, मग मेलबर्नची पहिली शर्यत हुकली, केव्हिन मॅग्नुसन त्याच्या जागी बसला. तेवढ्या काळात विजेचा शॉक, स्मृतिभ्रंश, लपवलेला बिघाड, सगळं बोलून झालं.

घोळ झाला तो दोन वेगळे प्रश्न एकात कालवल्यामुळे. गाडी भिंतीला का लागली, हा इंजिनिअरचा प्रश्न. ड्रायव्हर परत कधी बसणार, हा डॉक्टरचा. पहिल्याचं उत्तर मिळालं नाही म्हणून दुसऱ्यातही काळंबेरं असणार, असं लोकांनी धरून टाकलं.

आधी भिंत. बार्सिलोनाचं तिसरं वळण चढावरचं, लांबलचक आणि उजवं आहे. अशा वळणात गाडी सुटली तर साधारणपणे बाहेर, म्हणजे डावीकडे जाते. अलोन्सोची गाडी आदळली आतल्या, उजव्या बाजूच्या भिंतीवर. मागून येणाऱ्या सेबास्टियन फेटेलने सांगितलं की वेग फारसा नव्हता, ताशी १५० किलोमीटरच्या आसपास, आणि गाडी विचित्रपणे उजवीकडे वळून भिंतीत गेली. बस, एवढं पुरलं. ड्रायव्हर आधीच बेशुद्ध होता, गाडीच्या हायब्रिड यंत्रणेतल्या बॅटरीचा शॉक लागला असणार, हा निष्कर्ष तासाभरात तयार.

मॅक्लारेनची मांडणी अशी होती: वाऱ्याच्या झोताने गाडी बाहेरच्या कृत्रिम हिरवळीवर गेली, टायरची पकड सुटली, गाडी अस्थिर होऊन ट्रॅकच्या आतल्या बाजूला फेकली गेली, तिथे पकड परत आली आणि ती आडवी भिंतीला लागली. वाऱ्याचा त्रास त्या जागी कार्लोस साइन्झ या दुसऱ्या ड्रायव्हरलाही झाला होता, हेही संघाने सांगितलं. विजेची गळती अपघाताआधी, अपघातात किंवा नंतर कुठेच नाही, हे स्पष्ट शब्दांत होतं. डेटात एक तपशील असा आहे की शॉकची गोष्ट तिथेच पडते: आदळण्याआधी गिअर खाली टाकले गेले होते. स्वतः अलोन्सोनेही नंतर शेवटच्या क्षणी ब्रेक दाबल्याचं आणि पाचव्यावरून तिसऱ्या गिअरवर आल्याचं सांगितलं. बेशुद्ध माणूस गिअर बदलत नाही.

वाऱ्याची गोष्ट मात्र अलोन्सोने मान्य केली नाही. त्याच्या म्हणण्यानुसार स्टिअरिंग उजवीकडे अडकलं होतं. संघाने त्यावर जे केलं ते महत्त्वाचं आहे: ड्रायव्हरला स्टिअरिंग जड वाटल्याची आठवण आहे, डेटात तसं दिसत नाही, तरी गाडीवर एक जादा सेन्सर बसवला आहे, असं जाहीर केलं. यात विसंगती असेलच असं नाही. स्टिअरिंगचा कोन मोजणं आणि ते फिरवायला लागणारा जोर मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत. कोनाची रेघ एकटी पाहिली, तर चाक ड्रायव्हरने वळवलं की ते अडकलं, हे त्यातून ओळखता येत नाही. जे मोजलंच जात नाही, त्याबद्दल डेटा गप्प बसतो. त्या गप्प बसण्याला ‘बिघाड नव्हता’ म्हणणं घाईचं, आणि ‘बिघाड लपवला’ म्हणणं त्याहून घाईचं.

आता डोकं. खरी गडबड इथे झाली. मॅक्लारेन समूहाचे प्रमुख रॉन डेनिस यांनी अपघातानंतर चार दिवसांनी पत्रकारांना जे सांगितलं त्याचा आशय असा, की स्कॅन पूर्ण स्वच्छ आहेत, तेव्हा तांत्रिकदृष्ट्या कन्कशन (डोक्याला झटका बसून मेंदूला होणारी इजा) नाही. ३ मार्चच्या पत्रकात मात्र ‘कन्कशन झालं होतं’ असे शब्द आले. लोकांनी याला खोटेपणा म्हटलं. माझ्या मते हे अज्ञान होतं, आणि ते आपल्याकडच्या घराघरांतही आहे.

कन्कशन हा मेंदूचा मुका मार. सीटी स्कॅन रक्तस्राव, कवटीची चीर, मोठी सूज दाखवतो. कन्कशनमध्ये यातलं काही नसतं. डोक्याला झटका बसतो, विशेषतः गरकन पिळल्यासारखा, तेव्हा मेंदूतले तंतू ताणले जातात, पेशींतले क्षार इकडचे तिकडे होतात. ते पूर्ववत करायला पेशींना जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा कमी पडतो. हा बिघाड कामातला, रचनेतला नव्हे, म्हणून नेहमीच्या एमआरआयमध्येही तो सहसा सापडत नाही. स्कॅन काढायचा तो जीवघेणं काही नाही ना हे पाहायला. ‘स्कॅन स्वच्छ’ याचा अर्थ मेंदूत रक्त साकळलेलं नाही, एवढाच.

शुद्ध हरपणंही आवश्यक नसतं. अलोन्सोने सांगितलं की आदळल्यावर तो शुद्धीत होता, मदतनीस येताना दिसल्यावर त्याने बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला. हॉस्पिटलातले काही तास आठवत नाहीत, ते प्रवासाआधी दिलेल्या औषधांमुळे, असं त्याचं म्हणणं. आपण १९९५ सालात आहोत असं समजून जागा झाल्याच्या बातमीची त्याने थट्टाच केली.

हेल्मेट आणि हान्स याबाबतही गैरसमज आहे. हान्स ही खांद्यावरची चौकट. तिचे पट्टे हेल्मेटला जोडलेले असतात आणि डोकं पुढे फेकलं जाताना मान वाचवतात. कवटीच्या तळाचं जीवघेणं फ्रॅक्चर तिने थांबवलं. पण कवटीच्या आत मेंदू हलतो, तो कुठल्याच पट्ट्याने बांधता येत नाही. बाजूच्या धडकेत हेल्मेट कॉकपिटच्या फोमच्या उशीवर आपटतं, आणि तो फोम थंडीत कडक, उन्हात मऊ पडतो, म्हणून तापमान पाहून वेगळ्या प्रकारचा बसवतात.

मग धडधाकट माणसाला मेलबर्नला का रोखलं? २२ फेब्रुवारी ते १५ मार्च म्हणजे फक्त २१ दिवस. पत्रकात कारण दिलं होतं: पहिला मार ताजा असताना दुसरा बसला तर होणारा धोका. त्यात मेंदूला स्वतःचा रक्तप्रवाह आवरता येत नाही आणि सूज झपाट्याने वाढते. हा प्रकार अगदी दुर्मीळ, नोंदलेल्या घटना बहुतेक कोवळ्या वयाच्या खेळाडूंच्या, आणि त्याच्या स्वरूपावर डॉक्टरांत वादही आहे. पण धोका टाळण्याची किंमत एक शर्यत असेल तर हिशेब अवघड नाही.

घाई केली की काय होतं, ते २०११ मध्ये दिसलं होतं. सर्जिओ पेरेझ मोनॅकोच्या पात्रता फेरीत जोरात आदळला, कन्कशन झालं. दोन आठवड्यांनी कॅनडात पहिल्या सरावात गाडी चालवली, बरं वाटेना म्हणून स्वतःच थांबला, आणि त्याच्या जागी पेद्रो दे ला रोसाला बसवावं लागलं. अमेरिकेत नॅसकार शर्यतींतल्या डेल अर्नहार्ट ज्युनियर या ड्रायव्हरने २०१२ मध्ये पहिल्या अपघाताची लक्षणं दाबून गाडी चालवली, टालाडेगाच्या ट्रॅकवर दुसरा मार बसला, मग दोन शर्यती बाहेर.

परतीचा रस्ता पायऱ्यापायऱ्यांचा असतो. एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, घरातली हलकी हालचाल चालते. मग स्थिर सायकल, आधी कमाल नाडीच्या साधारण ५५ टक्क्यांपर्यंत, नंतर ७०. मग खेळाशी जुळणारा व्यायाम. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. डोकं लक्षणीय वाढून दुखलं की थांबायचं. ड्रायव्हरची अडचण वेगळी: नाडी ठीक असते, पण नजर आणि तोल यांचं जुळत नाही. म्हणून समोरच्या खुणेवर नजर खिळवून डोकं दोन्ही बाजूंना २० अंश, तालयंत्राच्या मिनिटाला १८० ठोक्यांवर दहा वेळा हलवायला लावतात. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, डोक्यातलं धुकं यांना शून्य ते दहा गुण द्यायचे. नाकाकडे आणलेलं अक्षर सहा सेंटिमीटर किंवा त्याआधीच दुहेरी दिसलं, तर डोळ्यांचं काम अजून बाकी आहे.

सिम्युलेटर इथे फसवा आहे. डोळे म्हणतात गाडी वळतेय, तोल सांभाळणारा आतला कान म्हणतो शरीर जागेवरच आहे. धडधाकट माणसालाही त्यात मळमळतं, त्यामुळे तिथला त्रास कन्कशनचा की यंत्राचा, हे उलगडत नाही. त्याआधी केलेली संगणकावरची स्मरणशक्ती आणि प्रतिक्रियेची चाचणी जास्त कामाची, पण ती हंगामाआधीच्या निरोगी गुणांशी ताडून पाहायची असते. आणि काही खेळाडू तो पहिला पेपर मुद्दाम वाईट देतात, पुढे मार बसला तरी फरक दिसू नये म्हणून! म्हणून एका चाचणीवर कुणी सही करत नाही.

अलोन्सोला मलेशियात एफआयए या मोटारस्पर्धांच्या नियामक संस्थेच्या डॉक्टरांनी गुरुवारी तपासून मोकळं केलं, अपघाताला पाच आठवडे होत आले होते. पात्रता फेरीत अठरावा आला, आणि रविवारी, २९ मार्चला, ट्रॅकची एकविसावी फेरी झाल्यावर गाडी पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत) उभी करावी लागली. या वेळी बिघाड हायब्रिड यंत्रणेत होता.