संदर्भ: तार क्रमांक ४८२

गुरुवार, रात्री पावणेबारा

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. गेले तीन दिवस १९४३ सालचंच वाचतेय, नाझी जर्मनी ज्यूंना मारत होती आणि अमेरिकेचं सरकार त्यावर काय करत होतं ते. पण लढाया वगैरे नाही, नुसत्या तारा, परवाने आणि सह्या. मी बँकेत परदेशी पैसे पाठवायच्या डेस्कवर बसते, म्हणून असेल, पण हे कागद डोक्यातून जातच नाहीयेत.

जिनिव्हात गेऱ्हार्ट रीग्नर नावाचा तरुण वकील होता, वर्ल्ड ज्यूइश काँग्रेस या ज्यूंच्या जागतिक संघटनेचा. त्याच्याकडे येणाऱ्या बातम्या तो बर्नच्या अमेरिकन वकिलातीतून पुढे पाठवायचा. २१ जानेवारी १९४३ ची तार, नंबर ४८२. पोलंडमध्ये एका ठिकाणी रोज ६००० ज्यू मारतायत, रुमानियातून ट्रान्सनिस्ट्रियात (रुमानियाने ताब्यात घेतलेला युक्रेनचा भाग) हाकललेल्या १ लाख ३० हजारांतले ६० हजार गेले आणि ७० हजार उपाशी आहेत. यावर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातून १० फेब्रुवारीला बर्नला तार गेली, नंबर ३५४, की खाजगी लोकांसाठीचे असे निरोप यापुढे शक्यतो घेऊ नका. उपाशी माणसांची बातमी आणि तिला उत्तर हे!

मग वसंतात रीग्नरने कळवलं की रुमानियात आणि फ्रान्समध्ये पैसे पोचले तर माणसं वाचवता येतील. पद्धत मला लगेच कळली, आमचंच काम आहे ते. तिथल्याच लोकांकडून तिथलं चलन उसनं घ्यायचं, आणि त्यांना द्यायचे डॉलर युद्ध संपेपर्यंत गोठवलेल्या खात्यात ठेवायचे, म्हणजे शत्रूला त्यातला एक डॉलरही मिळणार नाही. अमेरिकेच्या अर्थखात्याने जुलैत हो म्हटलं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचीही ना नव्हती. तरी परराष्ट्र खात्यात कागद अडकला, मग लंडनहून ब्रिटिश सरकारचा आक्षेप आला, त्यांना काळजी ही की एवढे ज्यू सुटून आलेच तर त्यांना ठेवायचं कुठे. परवाना निघाला १८ डिसेंबरला. आठ महिने! सरकारी पैसा नव्हता हो तो, ज्यू संघटनांचा स्वतःचा पैसा होता, सरकारने फक्त पाठवू द्यायचा होता.

पण मला खरा चटका लावला तो संदर्भाच्या ओळीने. आपण प्रत्येक ऑफिसच्या पत्रात विषयाखाली टाकतो ना, 'संदर्भ: आपले पत्र क्र. अमुक', तसा ३५४ च्या वर ४८२ चा उल्लेख होता. अर्थमंत्री मॉर्गेंथाऊंनी प्रत मागितली तेव्हा जी दिली त्यात तेवढाच उल्लेख गाळलेला. म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं काहीतरी नेहमीची सूचना असेल, कशावरून निघाली ते कळूच नये. अर्थखात्यातल्या जोसाया ड्युबॉयने परराष्ट्र खात्यातल्याच डोनाल्ड हिसकडून मूळ कागद बघितला, म्हणून उघडकीला आलं. मी हे वाचलं आणि फोन बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसून होते. संदर्भ गाळणं म्हणजे काय ते मला शिकवायला नको, टाइप करणाऱ्याला नक्की माहीत असतं आपण काय गाळतोय.

ड्युबॉयने मग जो अहवाल लिहिला त्याचं नावच होतं, ज्यूंच्या हत्येला या सरकारची मूक संमती. स्वतःच्या सरकारबद्दल असं लिहायचं, नोकरीत असताना! १६ जानेवारी १९४४, रविवार होता, मॉर्गेंथाऊ आणि त्यांच्याच खात्यातले रँडॉल्फ पॉल आणि जॉन पेली रूझवेल्टकडे गेले आणि २२ तारखेला वॉर रेफ्युजी बोर्ड निघालं, ज्यूंना वाचवण्यासाठीचं सरकारी मंडळ. जे वर्षभर होत नव्हतं ते सहा दिवसांत. त्याच बोर्डाच्या पाठिंब्याने जुलैत राउल वालेनबर्ग स्वीडनतर्फे बुडापेस्टला पोचला आणि संरक्षणाचे पास वाटायला लागला. पण तोवर हंगेरीतून ४ लाखांहून जास्त ज्यूंना नेलं होतं, बहुतेकांना ऑशविट्झच्या मृत्युछावणीत.

आज दुपारी काउंटरवर एक आजी होत्या. मुलगा परदेशात हॉस्पिटलमध्ये आहे, त्याला पैसे पाठवायचेत, एक कागद अपुरा म्हणून आम्ही फॉर्म दुसऱ्यांदा परत केला. तुलना नाहीच होऊ शकत, ती करायचीही नाहीये मला. पण शेऱ्यात मी फक्त 'कागदपत्रे अपूर्ण' लिहिलं, कुठला कागद ते लिहिलंच नाही, आणि त्या चष्मा वर करून तो कागद उलटसुलट बघत होत्या ते आत्ता आठवतंय. नंबर आहे फॉर्मवर. उद्या दहाला पहिला फोन त्यांना.