तुम्ही विचारलंत म्हणून: खासगी विद्यापीठाची फी आणि मधल्या मुलाचा पगार

सीईटीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. नात्यातले, सोसायटीतले, जुने खातेदार, कुणीही असो, प्रश्न साधारण एकच असतो. ‘मॅडम, पोराला पंच्याऐंशी पर्सेंटाइल आहेत. चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटर काही मिळत नाही. पुण्यातल्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत सीट मिळतेय, फी वर्षाला साडेतीन लाख. घालू का?’

मी बँकेत होते आणि शैक्षणिक कर्जाच्या टेबलवर बरीच वर्षं काढली, म्हणून मला विचारतात. इंजिनिअरिंगमधलं मला काही कळत नाही. पण ॲडमिशनच्या दिवशी खुशीत असलेला मुलगा पाच वर्षांनी पहिला हप्ता भरताना कसा दिसतो, हे त्या टेबलवर बसणाऱ्याला बघायला मिळतं. माझं उत्तर तिथून आलेलं आहे.

आधी एक घोळ निस्तरू. पाटीवर ‘युनिव्हर्सिटी’ लिहिलंय एवढ्यावरून काहीच ठरत नाही. पुण्याचं सीओईपी २०२२पासून विद्यापीठ आहे, पण ते सरकारी. सिंबायोसिस, एनएमआयएमएस, भारती विद्यापीठ ही अभिमत विद्यापीठं. त्यांना केंद्राने यूजीसी कायद्याखाली दर्जा दिलेला. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत विधिमंडळात कायदा करून जी निघाली ती स्वयं-अर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं. कोथरूडचं जुनं एमआयटी २०१७ साली असंच विद्यापीठ झालं. पालकांना फरक कळतो तो फीच्या पावतीवर. सीईटी सेलच्या कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, मिळणारं विनाअनुदानित कॉलेज आपल्या मनाने फी ठरवू शकत नाही; २०१५च्या कायद्याने आलेलं शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजचा हिशोब तपासून ती ठरवतं. खासगी आणि अभिमत विद्यापीठांवर या प्राधिकरणाचा लगाम चालत नाही. शिवाय माहितीपुस्तकात बारीक अक्षरात ‘फीमध्ये दरवर्षी वाढ होऊ शकते’ अशी ओळ बहुतेक असतेच. ती वाचा.

आता हिशोब. आकडे मी गोल धरते, तुम्ही तुमचे घाला.

साडेतीन लाखांप्रमाणे चार वर्षांचे १४ लाख. हॉस्टेल, मेस वेगळं. ते सध्या बाजूला ठेवू. सगळं कर्ज काढलं आणि व्याज साडेदहा टक्के धरलं, तर शिक्षणाची चार वर्षं आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालू असतं. ही गोष्ट निम्म्या पालकांना सही करतानाही ठाऊक नसते. या पाच वर्षांत सरळ व्याजाने साधारण ५ लाख १४ हजार चढतात. म्हणजे हप्ता सुरू होतो तो १९ लाख १४ हजारांवर. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला सुमारे २५,८००.

हेच कॅपमधून मिळालेल्या, वर्षाला सव्वा लाख फी असलेल्या कॉलेजचं करू. चार वर्षांचे ५ लाख, व्याजासह ६ लाख ८४ हजार, हप्ता साधारण ९,२००.

फरक झाला महिन्याला १६,६००, वर्षाचे जवळजवळ दोन लाख, सलग दहा वर्षं. माझ्या दृष्टीने तुमचा सगळा प्रश्न एवढाच आहे: त्या विद्यापीठाच्या शिक्क्यामुळे तुमच्या मुलाच्या हातात, पहिल्या वर्षापासून, वर्षाला दोन लाख रुपये जास्त येणार आहेत का? येणार असतील तर जरूर घाला, मीच फॉर्म भरून देते.

येणार की नाही हे बघायचं कसं? ब्रोशरमधला ‘हायेस्ट पॅकेज’चा फोटो विसरा. तो मुलगा कुठेही गेला असता तरी त्याला नोकरी लागलीच असती. ‘ॲव्हरेज’ही फसवं, चार-पाच जणांना गलेलठ्ठ पॅकेज मिळालं की सरासरी आपोआप वर जाते. बघायचा तो मधला मुलगा. वर्गातल्या सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मध्ये जो येतो तो, कारण तुमचा मुलगा पंच्याऐंशी पर्सेंटाइलवाला असेल तर तो तिथेच कुठेतरी असणार आहे. रागावू नका.

या मधल्या मुलाचा पगार फुकट बघायला मिळतो, पण फार थोडे पालक तो शोधतात. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत जी संस्था उतरते तिला आपली सगळी माहिती संकेतस्थळावर ठेवावी लागते. कुठेतरी तळाशी ‘एनआयआरएफ’ अशी लिंक असते. ती फाइल उघडा. त्यात वर्षवार लिहिलेलं असतं: पहिल्या वर्षाला किती आले, वेळेत पास किती झाले, नोकरी किती जणांना लागली, त्यांचा मध्यक (म्हणजे त्या मधल्याचा) पगार किती, पुढे शिकायला किती गेले. ही माहितीही संस्थेनेच दिलेली असते, तरी ब्रोशरपेक्षा ती बरीच शुद्धीवर असते. एकच काम स्वतः करायचं. नोकरी लागलेल्यांचा आकडा पहिल्या वर्षाला आलेल्यांच्या आकड्याने भागायचा. ब्रोशरमधले ‘९५ टक्के प्लेसमेंट’ हे बऱ्याचदा पात्र विद्यार्थ्यांपैकी असतात, आणि बॅकलॉगवाले, साठ टक्क्यांच्या खालचे, नाव न नोंदवलेले असे सगळे त्या पात्र शब्दाच्या बाहेर राहिलेले असतात. फाइलमधला मध्यक पगारसुद्धा नोकरी लागलेल्यांचाच असतो, हेही ध्यानात ठेवा. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅक या संस्थेच्या ए डबल प्लसवर मात्र विसंबू नका. २०२५च्या फेब्रुवारीत नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांना सीबीआयने लाचेच्या प्रकरणात अटक केली, ते सगळ्यांनी वाचलंच आहे.

मोठ्या आयटी सर्व्हिस कंपन्यांचा फ्रेशरचा पगार सव्वातीन-साडेतीन लाखांच्या आसपास वर्षानुवर्षं अडकून बसला आहे. पीएफ, दोनशे रुपये व्यवसाय कर आणि इतर कपाती जाऊन हातात पंचवीस हजारांच्या मागेपुढे येतात. वरचा हप्ता २५,८००चा होता. सहा लाखांचं पॅकेज असेल तर चाळीस-बेचाळीस हजार हातात, हप्ता जाऊन जेमतेम चौदा-सोळा हजार, आणि त्यात हिंजवडीला राहायचं, जेवायचं, जायचं-यायचं. असे हप्ते शेवटी बाप भरतो. पेन्शनच्या पासबुकातून मुलाच्या कर्जाचा हप्ता वळता होताना मी पाहिला आहे, आणि एकदाच नाही. शिवाय या कंपन्या घ्यायला येतात त्या परीक्षेतून. टीसीएसची एनक्यूटी ही भरती परीक्षा कुठल्याही कॉलेजच्या मुलाला देता येते. तिथे साडेतीन लाख फीवाला आणि सव्वा लाखवाला एकाच संगणकासमोर बसतात.

आणखी एक. २०२२मध्ये ऑफर लेटर हातात पडलेल्या कित्येक मुलांना रुजू व्हायला वर्ष, काहींना त्याहून जास्त थांबावं लागलं. बँकेचं घड्याळ त्यांच्यासाठी थांबलं नाही. हप्ते थकले की सिबिल बिघडतं, मुलाचं आणि सहकर्जदार म्हणून सही केलेल्या वडिलांचंही. मग धाकटीच्या कर्जाला तेच आडवं येतं.

मुलीच्या बाबतीत तर मला हल्ली फोनवर आवाज चढवावा लागतो. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून हवा. खासगी अभिमत आणि स्वयं-अर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत, व्यवस्थापन कोटाही. खुल्या गटातल्या मुलालाही आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर राजर्षी शाहू योजनेत निम्मी शिक्षण फी मिळते, तीही कॅपच्याच जागेवर. म्हणजे एकीकडे शून्याच्या जवळ आणि दुसरीकडे चौदा लाख. तरी लोक विचारतात, ‘पण मॅडम, कॅम्पस किती छान आहे!’

छान असतो, खरंच. मी काही त्याची टिंगल करत नाही. तालुक्याच्या गावातून गेलेली मुलं तिथे चार वर्षांत धीट होतात, इंग्रजी बोलायला लागतात, क्लब चालवतात, स्पर्धांना जातात. अभ्यासक्रम लवकर बदलतो, निकाल वेळेवर लागतात. उलट कॅपमधल्या कितीतरी कॉलेजांत प्रयोगशाळेला कुलूप आणि शिकवणारे हंगामी, हेही खरं. तेव्हा कॉलेजात जाऊन बघा, तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी कॅन्टीनमध्ये बोला. कॅम्पस, मोकळीक, संगत यासाठी पैसे मोजायची तुमची ऐपत असेल तर मोजा, त्यात गैर काही नाही. फक्त तो खर्च आहे असं घरात उघड म्हणा. त्याला ‘करिअरमधली गुंतवणूक’ म्हणून कर्जाच्या अर्जावर चढवलं की हिशोब बिघडतो.

माझा एक संशयही सांगून टाकते. ही फी लोक शिक्षणासाठी जेवढी भरतात तेवढीच धाकधूक संपावी म्हणूनही भरतात. बारावीचा पेपर संपतो न संपतो तोच फोन येतो: ‘स्कॉलरशिप आठवड्याभरापुरतीच आहे, सीट बुक करा.’ कॅपच्या फेऱ्या पुढे ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत रेंगाळतात. एवढे महिने नातेवाइकांना ‘अजून कुठे नाही’ असं सांगत राहायचं कुणाला आवडतं? पन्नास हजार भरून पेढे वाटले की घर शांत होतं. बुक करायचीच असेल तर एवढं करा: यूजीसीचे फी परताव्याचे नियम दरवर्षी निघतात, ठरलेल्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर पैसे परत द्यावे लागतात. मूळ कागदपत्रं ठेवून घ्यायलाही त्यांना परवानगी नाही. पावती जपा आणि कॅपचा फॉर्म भरायचा सोडू नका. कॉम्प्युटरच्या जागा कॅपमध्येही आता पूर्वीइतक्या दुर्मीळ राहिलेल्या नाहीत. २०२४-२५पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, चांगल्या संस्थांसाठी शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा काढल्यापासून त्या भराभर वाढल्या आहेत. शिवाय सगळ्यांनीच कॉम्प्युटर केलं पाहिजे, हे कोणी ठरवलं हा माझा जुना प्रश्न आहे, पण तो परत कधीतरी.

खासगी म्हणजे वाईट, असं मात्र माझ्या तोंडी घालू नका. बिट्स पिलानीही खासगीच. १९६४पासून अभिमत, चार वर्षांचा खर्च वीस लाखांच्या वर, आणि तिथल्या कर्जाच्या फाइलवर सही करताना माझा हात कधी अडखळला नसता. कारण बिटसॅट या प्रवेश परीक्षेची चाळणी आहे. कंपन्या त्या चाळणीतून पार झालेल्या मुलांसाठी येतात. एमबीएला सिंबायोसिस किंवा एनएमआयएमएसच्या चांगल्या संस्था, तिथेही स्नॅप, एनमॅट अशी प्रवेश परीक्षा ओलांडावी लागते आणि मध्यक पगार हप्ता पेलतो. ज्या दारातून आत जायला फक्त चेक लागतो, त्या दारातून बाहेर पडल्यावर नाव फारसं कामाला येत नाही, एवढंच मी पाहिलं. एकाच विद्यापीठात हे शाखेगणिकही बदलतं. कॉम्प्युटरचा मध्यक दाखवून सिव्हिलची सीट विकली जाते, तेव्हा विचारताना शाखा धरून विचारा.

सगळं ऐकूनही घालायचंच ठरलं असेल तर बँकेतलं थोडं सांगते. साडेसात लाखांपर्यंत बहुधा तारण लागत नाही, वर गेलं की मागतात. शेतजमीन तारण म्हणून बँक नाखुशीने बघते, कारण कर्ज थकल्यावर तारण ताब्यात घेऊ देणारा सरफेसी कायदा तिला लागू होत नाही. मग राहतं घर लिहून द्यावं लागतं. आईच्या नावावरचं असेल तर तिलाही आकडे दाखवा, ही माझी विनंती आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना तारणाशिवाय कर्ज देते, पण ती एनआयआरएफमध्ये वर असलेल्या ठरावीक संस्थांपुरती. तुमच्या विद्यापीठाचं नाव त्या यादीत आहे का, हे फी भरायच्या आधी बघा. नसेल तर ‘का नाही?’ हा प्रश्न काउन्सेलरला विचारायला काय हरकत आहे?

आणि व्याज साचू देऊ नका. पहिल्या वर्षी साडेतीन लाखांवर महिन्याला साधारण ३,१०० रुपये होतात, चौथ्या वर्षी साडेबारा हजारांच्या आत. ते दर महिन्याला भरत गेलात तर बऱ्याच बँका व्याजात एक टक्का सूट देतात, तुमच्या शाखेत विचारा. सूट नाही मिळाली तरी पाच वर्षांनी हप्ता १९ लाखांवर न बसता १४ लाखांवर बसतो, २५,८००च्या जागी १८,९००. हे तीन-बारा हजार आत्ताच्या पगारातून निघत नसतील, तर ते कर्ज आत्ताच पेलत नाहीये. तसं असेल तर फोन करा, कॅपचा पसंतीक्रम बसून लावू.