आतून लागलेली कडी

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताईंचा फोन आला. "मॅडम, आजीच्या दाराले आतून कडी हाये. आवाज देऊन रायलो त ओ देत नाई."

दारव्हा-दिग्रस पट्ट्यातलं गाव, डवरणी-निंदणाचे दिवस. आठ वाजले की मोहल्ल्यात माणूस दिसत नाही, थेट दिवेलागणीला परत. शेजारणीच्या लक्षात आलं ते सड्यामुळं. द्वादशीला उपास सोडायचा म्हणून आजी एरवीपेक्षा लवकर उठतात, आणि साडेसहा वाजले तरी अंगण कोरडं. ती शेतात निघून गेली असती, तर पुढचे दहा तास त्या दाराकडं कोणी फिरकलं नसतं.

मी पोचले तेव्हा शेजारचा पोरगा कवेलू काढून आत उतरला होता आणि कडी निघाली होती. आजी बाजेच्या बाजूला जमिनीवर कुशीवर पडलेल्या. वय 74. लुगडं घामानं ओलंचिंब, हात गार. हाक मारली की डोळे उघडत, पण बोलणं तोंडातल्या तोंडात, आणि डावा हात उचलत नव्हत्या. "लकवा मारला" असं दारातल्या मंडळींनी ठरवूनही टाकलं होतं. कोणी यवतमाळसाठी गाडी बघायला धावलं होतं.

पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला घाईनं उचलू नये. आधी दोन्ही पाय शेजारी शेजारी बघायचे. एक आखूड दिसला आणि त्याचा पंजा बाहेर वळलेला असला, तर खुब्याचं हाड मोडलंय असं धरून हलवायचं नाही. आजींचे पाय सारखे होते. आणि लकवा वाटला तरी बोटाची साखर बघायचीच, कारण साखर फार उतरली की एक बाजू लुळी पडू शकते, बोलणं अडखळतं, दिसायला हुबेहूब लकवाच. बोट पाण्यानं धुऊन कोरडं केलं. बोटाला गुळाचा चिकटा असेल तर आकडा भलताच मोठा येतो. पट्ट्यांच्या डबीचं झाकणही पावसाळ्यात लगेच लावावं लागतं, ओल धरलेली पट्टी खोटं बोलते. ग्लुकोमीटरवर आकडा आला 41. सत्तरच्या खाली साखर कमी, 54 च्या खाली धोक्याची.

शेजारीण फल्लीचा लाडू घेऊन आली होती. माया खरी, पण लाडू चालत नाही. फल्लीतल्या तेलामुळं साखर रक्तात चढायला वेळ लागतो, शिवाय अर्धवट शुद्धीत घास अडकला तर वेगळंच संकट. आजींना टेकवून बसवलं, चमचाभर पाणी दिलं. ते ठसका न लागता गिळलं, तेव्हाच अर्धा कप पाण्यात साखरेचे चार चमचे विरघळवून घोट घोट पाजलं. गिळता येत नसतं तर तोंडात काहीच घालायचं नव्हतं. कुशीवर झोपवून 108 ची वाट बघायची आणि साखर शिरेतून द्यायची. पंधरा मिनिटांनी 66. पुन्हा तेवढंच पाणी. आणखी पंधरा मिनिटांनी 98, आणि आजींनी डाव्याच हातानं पदर सावरला.

"झालं, उठली बुढी," म्हणत लोक पांगू लागले. गाडी परत पाठवा, असंही कोणी म्हणालं. पण खरी मेख इथंच असते. आजींच्या बिस्किटाच्या डब्यात मधुमेहाची ग्लिमेपिराइड होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो की नसो. असर दिवसभर टिकतो, किडनी मंद असेल तर त्याहून जास्त. वरून दिलेली साखर तासा-दोन तासांत संपते, गोळी मागं उरते. म्हणून 98 दिसलं तरी 108 नं ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. दुपारी तिथं सलाइन चालू असतानाही साखर पुन्हा 58 वर आली होती. घरी ठेवलं असतं तर तेव्हा मोहल्ला रिकामा होता.

डबा मी सोबतच घेतला होता. त्यात आरोग्य केंद्राची ग्लिमेपिराइड 1 मिलिग्रॅम, आणि तालुक्याच्या खासगी दवाखान्यातून आणलेली दुसऱ्याच नावाची पट्टी: ग्लिमेपिराइड 2 आणि साखरेचंच दुसरं औषध मेटफॉर्मिन 500 एकत्र. रंग वेगळा, नाव वेगळं, म्हणून आजींच्या लेखी औषधं दोन. एकादशीला सकाळी दोन्ही घेतल्या, रात्री एकत्र गोळी पुन्हा घेतली, आणि पोटात दिवसभरात बिनसाखरेचा चहा आणि वाटीभर भगर. "गोयी चुकवू नको असं तुम्हीच सांगता न बाई," असं त्या नंतर म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. उपासाला काय करायचं, हे पाकिटावर कुठंच लिहिलेलं नसतं. बीपीसाठी अ‍ॅटेनोलॉलही होती. या गोळीनं हातांची थरथर आणि छातीची धडधड दबते, म्हणजे साखर उतरताना माणसाला जी सूचना मिळते तीच जाते. घाम तेवढा लपत नाही.

रुग्णालयात क्रिएटिनिन 1.6 निघालं, म्हणजे किडनी मंद होती. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड कायमची बंद केली, मेटफॉर्मिन 500 एकदाच आणि तीही जेवल्यावर ठेवली, बीपीची गोळी बदलली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची साखर थोडी वर राहिली तरी चालते, खाली गेलेली परवडत नाही. जुन्या पट्ट्या सगळ्या काढून घेतल्या. बीपीच्या गोळीला पांढरी थैली, साखरेच्या गोळीला लाल. बोली एकच: ताट वाढलं नाही तर लाल थैली उघडायची नाही, पांढरी रोज.

मुलगा पुण्याहून आला तो आईला घेऊन जायच्या तयारीनंच. आजी म्हणाल्या, "तिथं काय भित्तीशी बोलू?" माझं मत आजींच्या बाजूनं पडलं. स्वयंपाक, आंघोळ, संडास, पैशाचा हिशेब त्यांचं त्या करतात. खुर्चीवरून उठून 3 मीटर चालत जाऊन परत येऊन बसायला 15 सेकंद लागले. 12 च्या वर गेलं की पडायचा धोका धरतात. पण त्यातला बराच वेळ उठण्यातच जात होता, आणि घरची बाज तर झोळीसारखी लोंबलेली. दोरी ताणून बांधली, पायांखाली लाकडी ठोकळे दिले, बसल्यावर तळवे पूर्ण टेकून गुडघे काटकोनात येतील एवढी उंची केली. ठोकळ्यांना खाच हवीच, नाहीतर बाज सरकते. संडासात धरायला पाइप लावायचा होता. मातीच्या भिंतीत स्क्रू महिनाभरातच सैल होतो, म्हणून भिंतीवर न लावता जमिनीत दोन फूट गाडलेल्या बल्लीला लावला.

कडीचं मात्र सगळ्यांनाच पटवावं लागलं. आतली कडी काढायची म्हणजे चोराला दार उघडं, असं आजींचं म्हणणं. शेवटी बाहेरून चावीनं उघडणारं नाइट लॅच बसवलं, एक चावी शेजारणीकडं. अशा लॅचला आतून एक खटका असतो, तो लावला की बाहेरची चावी चालत नाही. त्यावर चिकटपट्टी मारली. मोबाइल दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असायचा, जमिनीवरून हात पोचणं शक्यच नाही. आता तो गळ्यातल्या थैलीत. 2 चा आकडा दाबून धरला की शेजारणीला फोन लागतो, पण कीपॅड आपोआप लॉक होत असेल तर लागत नाही. ती सेटिंग बंद केली.

खूण म्हणून सड्यावरच भागवू असं शेजारीण म्हणत होती. पण झडीच्या पावसात सडा कोण टाकतो? म्हणून खराटा ठरला. उठल्यावर दाराबाहेर उभा करायचा, रात्री आत घ्यायचा. सातपर्यंत बाहेर दिसला नाही तर शेजारणीनं चावी लावून सरळ आत जायचं, हाका मारत बसायचं नाही. मुलगा रोज रात्री दहाला फोन करायचा. तो त्यानं सकाळी साडेसहावर आणला, कारण रात्री उठताना पडलेलं माणूस सकाळीच सापडायला हवं. शेजारीण माहेरी गेली की चावी आशाताईंकडं जाते.

खराटा आत राहिला म्हणून शेजारीण एकदा धडकलीच. आजी चुलीपुढं भाकर थापत होत्या. "मेली नाई न मी अजून," म्हणाल्या, आणि तिलाच खराटा बाहेर ठेवायला लावला.