पॅकहाऊसच्या मेलवरचा प्रेषक

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊससाठी मी छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. पॅलेट रीफर, म्हणजे थंडगार ठेवणाऱ्या, कंटेनरमध्ये चढले की पेट्यांचा आकडा आणि वजन भरायचं, बटण दाबायचं, आणि पॅकिंग लिस्ट तीन ठिकाणी मेलने जाणार: पॅकहाऊसच्या ऑफिसात, न्हावा शेव्याच्या कस्टम एजंटकडे आणि युरोपातल्या खरेदीदाराकडे. फेब्रुवारीत, ऐन हंगामात, एका रात्री साडेदहाला एजंटचा फोन आला. "ताई, गाडी पोचत आली, लिस्ट कुठंय?"

माझ्या स्क्रीनवर 'मेल पाठवला' असं स्वच्छ दिसत होतं. त्या रात्री पॅकहाऊसच्या मालकांनी, म्हणजे अण्णांनी, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो धाडून वेळ निभावून नेली. मला काही झोप लागली नाही. तीनशे-साडेतीनशे शेतकऱ्यांचा माल त्या पॅकहाऊसवर येतो. गाडी बंदरावर कागदांवाचून अडून राहिली तर त्याची झळ शेवटी त्यांनाच.

सकाळी नाशिकमधल्या कॉलेज रोडच्या ऑफिसात सर्व्हर उघडून बसले. प्रोग्राम पीएचपी या भाषेत होता. पीएचपीचं मेल पाठवणारं फंक्शन 'ट्रू' म्हणतं, त्याचा अर्थ एवढाच की त्याच मशीनवरच्या मेल सर्व्हरने पत्र ताब्यात घेतलं. ते पुढे पोचलं की नाही, हे त्याला ठाऊकच नसतं. आणि पाठवणाऱ्याचा पत्ता मी कुठेच दिला नव्हता. त्यामुळे वेब सर्व्हर ज्या युजरच्या नावाने चालतो, त्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'च्या नावाने, पुढे मशीनचं नाव जोडून, मेल जात होते. त्या युजरची पत्रपेटी उघडली तर आत परत आलेले ४३ मेल. दोन आठवडे ते तिथे पडून होते आणि ती पेटी उघडायची असते हे कुणाला माहीतच नव्हतं.

घाईघाईत मी 'फ्रॉम'मध्ये अण्णांचा जीमेलचा पत्ता टाकला. आता मेल थेट स्पॅममध्ये. जीमेलच्या पाठवणाऱ्यांसाठीच्या सूचनांत स्पष्ट लिहिलंय की 'फ्रॉम'मध्ये जीमेलच्या पत्त्याची नक्कल करू नका. बरोबरच आहे ते. पत्र म्हणतंय मी जीमेलचं, आणि निघालंय भाड्याच्या एका सर्व्हरवरून. मग पॅकहाऊसचं स्वतःचं डोमेन (मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं नाव) होतं, त्यावर डिस्पॅचसाठी वेगळा पत्ता काढला आणि तो लावला. तरी स्पॅम.

इथे माझे पाच-सहा तास गेले, आणि सगळ्यात जास्त शिकायला मिळालं तेही इथेच. जीमेलमध्ये मेलचा मूळ मजकूर उघडून पाहिला. 'फ्रॉम'वर नवा पत्ता होता, पण वर 'रिटर्न-पाथ'पुढे तोच जुना डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा.

माझे आजोबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, जिथे पोस्टाची तिकिटं छापतात. गावाकडे पत्र लिहिताना पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात 'प्रेषक' लिहून पूर्ण पत्ता घालायला ते कधी विसरले नाहीत. आत कागदावर शेवटी सही असायचीच. पण पोस्टमन पाकीट फोडत नाही. घर सापडलं नाही तर तो कोपरा वाचूनच पत्र परत पाठवतो. मेलचंही अगदी असंच आहे. सर्व्हर सर्व्हरला 'मेल फ्रॉम' असं सांगून जो पत्ता देतो तो पाकिटावरचा, आणि वाचणाऱ्याला दिसणारा 'फ्रॉम' हा आतल्या कागदावरचा. १९८२ सालीच या दोन्हींचे नियमही वेगवेगळे लिहिले गेले: पाकिटाचे आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ८२१ मध्ये, कागदाचे ८२२ मध्ये. पोचवणारा शेवटचा सर्व्हर पाकिटावरचा पत्ता 'रिटर्न-पाथ' म्हणून नोंदवून ठेवतो. मी फक्त कागदावरची सही बदलत होते.

पीएचपीत पाकिटावरचा पत्ता बदलायला मेल फंक्शनचा पाचवा पॅरामीटर आहे: 'डॅश एफ' आणि त्याला चिकटून पत्ता. पायथन या दुसऱ्या भाषेत मेल पाठवायला एसएमटीपीलिब आहे, त्यात 'सेंडमेल'ला पहिला पत्ता देतो तो पाकिटाचाच. 'सेंड मेसेज' मात्र, तुम्ही काही दिलं नाही तर, हेडरमधून, म्हणजे मेलच्या वरच्या 'फ्रॉम' वगैरे ओळींमधून, स्वतः उचलतं.

मग एसपीएफ. कुठल्या सर्व्हरला आपल्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची मुभा आहे, हे डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनची माहिती ठेवणाऱ्या जाहीर नोंदवहीत, टीएक्सटी (साध्या मजकुराची) नोंद करून सांगायचं. ही तपासणी पाकिटावरच्या डोमेनची होते, दिसणाऱ्या 'फ्रॉम'ची नाही. पाकीट जुनंच असतं तर नोंद करून काहीच उपयोग झाला नसता. मी नवी नोंद घातली आणि तपासणी साफ फसली, कारण होस्टिंगवाल्यांची एक एसपीएफ नोंद आधीच होती. एका डोमेनला एकच चालते. दोन सापडल्या की दोन्ही निकामी. दोन्ही मिळून एक केली.

पण एजंटच्या ऑफिसातला मेल पुढे त्यांच्या दुसऱ्या पत्त्यावर फॉरवर्ड व्हायचा. तसं झालं की पाठवणारा सर्व्हर बदलतो आणि एसपीएफ तुटतं. म्हणून डीकेआयएम: सर्व्हर प्रत्येक मेलवर खाजगी किल्लीने सही करतो, जोडीची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये असते. वाटेत मजकूर बदलला नाही तर ती सही टिकते. शेवटी डीमार्क, जे पाहतं की एसपीएफ किंवा डीकेआयएम यांतलं निदान एक पास झालंय आणि त्याचं डोमेन दिसणाऱ्या 'फ्रॉम'शी जुळतंय. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे आहेत. आमचे दिवसाला वीसही नसतील, पण मला ते अर्धवट सोडायचं नव्हतं.

पॅकहाऊसचं नाव 'फ्रॉम'मध्ये देवनागरीत हवं, हा अण्णांचा आग्रह. हेडरमध्ये तशीच अक्षरं टाकली तर काही ठिकाणी चौकोन दिसतात. पीएचपीच्या एमबी-एन्कोड-माइमहेडर या फंक्शनमधून काढल्यावर नीट उमटलं. 'रिप्लाय-टू'मध्ये अण्णांचाच पत्ता ठेवला, म्हणजे खरेदीदाराने उत्तर दिलं तर ते माणसाच्या हाती पडेल. पाकिटावर मात्र 'परत' नावाची वेगळी पेटी लावली, आणि ऑफिसातल्या मुलीला ती दर तासाला उघडायला सांगितली.

एप्रिलच्या सुरुवातीला त्या पेटीत एक मेल परत आला. खरेदीदाराने नवा पत्ता दिला होता आणि टाइप करताना त्यातलं एक अक्षर सुटलं होतं. तिने ते दुरुस्त करून लिस्ट पुन्हा पाठवली आणि मला फोन केला. गाडी तेव्हा अजून कसारा घाटही उतरली नव्हती.