आमची वाटचाल : कॅसेट, सीडी, फाइल आणि पुन्हा कॅसेट

मिरजेत गाण्याचं दुकान चालवायचं म्हणजे हलवायाच्या दारात पेढे विकण्यासारखं. जवळच सतारमेकर गल्ली, तिथे दिवसभर तंबोरे जुळवणं चाललेलं. दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या आठवणीसाठी मोठमोठे गवई येऊन गातात. गिऱ्हाईक कान घेऊनच दुकानात शिरतं.

अण्णांनी पंच्याऐंशीच्या सुमारास सुरुवात केली ती रेकॉर्डिंगची. लोक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी आणायचे, अण्णा एलपीवरून, म्हणजे मोठ्या तबकडीवरून, कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचे. तेव्हा सगळेच करायचे. कायद्याचं नाव कुणी काढत नसे. कॅसेट साठ मिनिटांचीच घ्या, हा त्यांचा हट्ट. नव्वदच्या कॅसेटची फीत पातळ, डेकमध्ये गुंडाळली की संपलं. पुढे टी-सिरीज कंपनीने कॅसेट इतकी स्वस्त केली की ती पानपट्टीवरही मिळू लागली. मग आम्हीही तयार कॅसेट विकायला लागलो.

सीडी आली आणि ख्यालाचं, म्हणजे एकच राग सावकाश फुलवत नेणाऱ्या लांब गाण्याचं, भलं झालं. कॅसेटमध्ये बाजू संपली की विलंबित, म्हणजे संथ लयीचा ख्याल, मधेच तुटायचा. सीडीत ७४ मिनिटं सलग. पण सीडी म्हणजे चांगलाच आवाज, हेही खरं नव्हतं. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या काही सीड्यांत खरखर काढता काढता तंबोराच पुसून टाकलेला असायचा. त्याच मैफलीची खरखरीत एलपी शेल्फावर असायची. अण्णा गिऱ्हाइकाला दोन्ही ऐकवायचे आणि बहुतेकदा सीडी विकायची राहून जायची. धंद्याच्या दृष्टीने हा मूर्खपणाच.

मग एमपीथ्री, म्हणजे आवाज आवळून लहान केलेली फाइल. सीडीवर सेकंदाला १४११ किलोबिट माहिती असते, तेव्हाच्या एमपीथ्रीत १२८. अर्ध्या तासाचा बडा ख्याल सीडीवर सव्वातीनशे एमबीच्या आसपास, फाइलमध्ये २९. मोठ्या आवाजाखाली जे बारीक आवाज कानाला ऐकू येणार नाहीत असं गणित सांगतं, ते ही पद्धत टाकून देते. ढोलकी-हलगीच्या दणक्यात ते मला चटकन जाणवत नाही. तंबोऱ्यात जाणवतं, कारण त्याचा सगळा जीव त्या बारीक स्वरांतच. गल्लीतले एक वयस्कर कारागीर चहाला आले होते, मी कॉम्प्युटरवर फाइल लावली होती. दोन मिनिटं ऐकून त्यांनी विचारलं, ‘‘जवारी बंद कुणी केली हो?’’ जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारेचा तो झणझणता गुंजारव. एवढ्या नेमक्या शब्दांत १२८ किलोबिटचं वर्णन मी नंतर कुठे वाचलं नाही. मैफलीतल्या टाळ्याही ऐकून पाहा, पाण्यात वाजल्यासारख्या येतात.

पुढच्या वेळी मी त्याच गाण्याची सीडी ३२० किलोबिटच्या फाइलमध्ये उतरवून ठेवली आणि कुठली कुठली न सांगता सीडी आणि फाइल दोन्ही लावल्या. त्यांना फरक सांगता आला नाही. मलाही येत नाही. शिवाय साठीनंतर वरचे स्वर कानच गाळतो, त्याला फाइल काय करणार? ‘सीडीच चांगली’ असं डोळे मिटून म्हणायचं मी तेव्हापासून सोडलं.

फाइलवर माझा राग वेगळ्याच कारणासाठी आहे. सीडीच्या कागदावर तबल्याला कोण, पेटीवर कोण, हे छापलेलं असायचं. फाइलवर नुसतं ‘ट्रॅक ०३’. साथीदार एका रात्रीत निनावी झाले.

तोवर शेजारच्या मोबाइलवाल्याने दोन जीबीच्या कार्डात चारशे गाणी भरून द्यायचा धंदा काढला होता. आम्ही तो केला नाही. त्यात तत्त्वनिष्ठा थोडी. मुख्य म्हणजे अण्णांनी घरात घेतलं नसतं. सरळ मार्गाने डाऊनलोड विकणंही सोपं नव्हतं. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये गाणी विकायला काढली आणि जून २०१३ मध्ये ते दुकान बंदही केलं. २०१६ मध्ये मुंबईचं ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांचं जुनं दुकान बंद झालं, त्या दिवशी अण्णा फार बोलले नाहीत. आम्ही अर्धं दुकान स्टेशनरीला दिलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. ते ओसरल्यावर लोक गोण्या घेऊन आले. एलपी धुतल्या की वाजत होत्या, फक्त मधली लेबलं गेली. सीड्यांचे कागद लगदा झाले, तबकड्या ठीक. ज्यांनी सगळं हार्ड डिस्कवर उतरवून मूळ माल विकला होता, त्यांच्या डिस्क बुडाल्या होत्या. आणि कॅसेटी! आजीच्या ओव्या, बारशाची गाणी, गावच्या भजनी मंडळाचं कीर्तन. यांची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती. शुद्ध पाण्यात गाळ काढायचा, फीत सावलीत वाळवायची, नव्या खोक्यात गुंडाळायची, अण्णांच्या जुन्या डेकवर एकदाच वाजवायची आणि त्याच वेळी उतरवून घ्यायची. चार महिने आम्ही दुसरं काही केलं नाही.

आज दुकान त्याच कामावर चालतं. आम्ही २४ बिटची, म्हणजे न आवळलेली मोठी फाइल देतो आणि सोबत व्हॉट्सॲपला चालेल अशी छोटी. ऐकली जाते ती छोटीच. मोठीच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायला आम्ही बजावतो आणि फाइलच्या नावात साथीदारांची नावं घालतो. त्याचे पैसे लावत नाही.

कॅसेट आणणार असाल तर पेन्सिलीने फिरवून बघू नका. भिजलेली असेल तर उन्हात ठेवू नका, डेकमध्ये घालू नका. आहे तशी घेऊन या. सोमवारी दुकान बंद असतं.