तुम्ही विचारलेत म्हणून : पणजोबांची पहिली पत्नी

विशीही न गाठलेल्या एका बाईचा शोध मी इतकी वर्षे का घेते आहे, हे आप्त मला वारंवार विचारतात, आणि ‘आता पुरे कर’ हा त्या प्रश्नाचा खरा आशय असतो. आमच्या छापील कुलवृत्तान्तात पणजोबांची शेती, कज्जे आणि त्यांनी बांधलेला वाडा यांचे वर्णन पानभर आहे. पहिल्या पत्नीविषयी मात्र ‘लवकर निवर्तली’ एवढेच लिहिले आहे. माझे आजोबा तिच्या पोटचे. ज्या वयावरून 1891 च्या संमतिवयाच्या (मुलीशी शरीरसंबंधाचे किमान वय दहावरून बारा करणाऱ्या) कायद्याच्या वेळी पुण्यात टिळक आणि सुधारक यांच्यात रणे माजली, जवळपास त्याच वयात तिचे लग्न झालेले असणार, आणि त्या वादाच्या आधीच ती बाळंतरोगाने गेली होती.

जे काही हाती लागले ते नाशिकला. रामकुंडाजवळच्या तीर्थोपाध्यायांकडे आडनाव आणि मूळ गाव सांगितले की त्या घराण्याची वही निघते. ती आल्यागेल्या यजमानांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली असते. आमच्या वहीत शके 1811 च्या भाद्रपदात, म्हणजे इसवी सन 1889 मध्ये, पणजोबांनी मोडीत लिहिले आहे की भार्येच्या अस्थी घेऊन आलो. तिचे सासरचे नाव तिथे आहे. खाली दुसऱ्या, थरथरत्या हाताची सही आहे : तिच्या वडिलांची, गावासह. लेकीच्या अस्थी घेऊन ते जावयाबरोबर संगमनेराहून नाशिकपर्यंत आले होते, हे आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते. त्याच पानावर काही वर्षांनंतरची नोंद आहे. तिच्यात पणजोबांनी दुसऱ्या पत्नीचे नाव घातले आहे आणि पुत्र म्हणून, कसलाही खुलासा न करता, माझ्या आजोबांचे. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचले. आई मेलेल्या मुलाला दुसरी आई लाभली याचे समाधान मानावे, की पहिली इतक्या सहज पुसली गेली याचा संताप करावा, हे मला तेव्हा ठरवता आले नाही आणि आजही येत नाही.

ही हकिगत सांगितली तेव्हा आत्या म्हणाली, “आमच्या आजीनं बाबांना पोटच्यासारखं वाढवलं. तिला आता सावत्र ठरवायला निघालीस का गं?” त्यानंतर तिने हा विषय माझ्याकडे काढू दिला नाही. तिचे दुःख खोटे नाही. एके काळी मी म्हणत असे की सत्य लिहिल्याने कोणाचे काही हिरावत नाही. आत्याचा चेहरा पाहिल्यावर ते वाक्य तितक्या ठामपणे उच्चारता येत नाही. तरीही माझे म्हणणे आहे की श्राद्धातदेखील सापत्नमातेला स्वतंत्र पिंड असतो. दोघींना जागा देण्याची सोय ज्या परंपरेने केली, तिच्याच वंशावळीत एकीला गाळायचे कारण नाही.

कुलवृत्तान्ताच्या नव्या आवृत्तीत या पहिल्या पत्नीचे नाव घालावे असे मी संपादकांना लिहिले आहे. आत्याच्या घरून विरोधाचे पत्रही गेले आहे. तिचे माहेरचे नाव मात्र अजून मिळालेले नाही. तिच्या वडिलांच्या गावच्या वहीत मुलगे लिहिलेले आहेत, मुली नाहीत, म्हणून आता मी तिच्या भावांचे वंशज शोधते आहे.