टेपच्या तीन पट्ट्या

टेनपिन बोलिंग, म्हणजे जड बॉल घरंगळवत दहा पिना पाडायचा खेळ, शिकवताना दोन महिने मी त्याला एकच वाक्य ऐकवत होते, "मनगट मागे पडू देऊ नकोस." तो मान डोलवायचा, लेनवर, म्हणजे बॉल टाकायच्या लाकडी पट्टीपाशी जायचा आणि हात खाली येता येता मनगट पुन्हा मागे पडायचं. वय सतरा, उजव्या हाताने खेळणारा, १५ पौंडांचा स्वतःचा बॉल, अंगात ताकद भरपूर. शेवटी मीच त्याला मनगटाला आधार देणारा पट्टा घ्यायला लावला. पट्टा बांधल्यावर मनगट सरळ दिसू लागलं आणि प्रश्न सुटला असं मी धरून चालले.

त्या शनिवारी तो पट्टा न बांधताच आला.

"मॅडम, हात दुखतोय."

"कुठे?"

त्याने मनगटाला हातही लावला नाही. कोपराच्या जरा खाली, आतल्या बाजूला बोट टेकवलं. तिथले स्नायू बोटं आवळण्याचं काम करतात. मी तिथे दाबून पाहिलं तर दगडासारखं घट्ट लागलं. मनगट चुकतंय म्हणून दुखत असतं तर तक्रार मनगटाची आली असती. हा मुलगा बॉल आवळून धरत होता, तोही जीव खाऊन.

त्याला म्हटलं, आज गेम खेळायचा नाही, फक्त तीन बॉल टाक. मोबाइल स्लो मोशनला लावला, सेकंदाला २४० फ्रेम, आणि फाउल लाइनच्या, म्हणजे बॉल टाकताना ओलांडायची नसते त्या रेषेच्या, बाजूला गुडघ्यावर बसून शूट केलं.

तिन्ही बॉल सारखेच गेले. उशिरा सुटले, लेनवर धप्पकन आपटले, सरळ घसरत गेले आणि पॉकेटपाशी, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पिनेमधल्या जागेपाशी, पोचेपर्यंत त्यांच्यात जोरच उरला नाही. तिसऱ्या बॉलला नऊ पिना पडल्या. सहा नंबरची पिन लेनच्या कडेच्या गटरमध्ये नुसती आडवी झाली, दहा नंबरची जागच्या जागी उभी. ही खूण मी ओळखते. बॉल पिनांना आरपार ढकलत जाण्याऐवजी त्यांच्याकडून बाजूला ढकलला जातो, तेव्हा असं होतं.

मग आम्ही दोघांनी बाकावर बसून एकेक फ्रेम पुढे सरकवली.

बॉलला बोटं घालायला तीन भोकं असतात; चांगल्या रिलीजमध्ये, म्हणजे बॉल हातातून सुटताना, हात घोट्याजवळून पुढे जातो तेव्हा अंगठा आधी मोकळा होतो. मधलं बोट आणि अनामिका क्षणभर मागे राहतात, आणि त्या क्षणात बॉल त्यांच्यावरून उचलला जाऊन फिरतो. हुक, म्हणजे पिनांकडे जाताना बॉलचं वळणं, मिळतो तो इथे. हा क्षण एवढा छोटा असतो की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, सवय झाली की बोटांना मात्र कळतो. फ्रेममध्ये त्याचा हात घोट्याच्या पुढे गेला होता आणि अंगठा अजून भोकात होता. तो सुटावा म्हणून हात बॉलवरून वरच्या अंगाने फिरत होता. मागून पाहताना घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणा: उजव्या हाताच्या खेळाडूचा अंगठा सुटताना साधारण दहाकडे असावा. याचा आठाकडे, म्हणजे खाली वळलेला होता. मनगट मोडत होतं ते याच ओढाताणीत. पट्ट्याने फक्त मोडण्याची जागा झाकली होती.

"अंगठा दाखव बघू."

त्याने हात पुढे केला. अंगठ्याच्या सांध्यावर, पाठीच्या बाजूला, पिवळट जाड घट्टा. हा हात दोन महिने माझ्यासमोर होता आणि मी एकदाही तो उलटा करून पाहिला नव्हता. अंगठा भोकात सरळ असेल तर तिथे घट्टा पडायचं कारण नाही. तो आत वाकवून, सांधा भोकाच्या भिंतीला रेटून धरला तरच पडतो.

त्याला बॉलमध्ये हात घालायला सांगितलं. "अंगठा ताठ ठेव. आवळू नकोस. हात खाली सोड." बॉलखाली माझा तळवा धरला होता म्हणून बरं. त्याने आवळणं सोडलं आणि बॉल सरळ माझ्या हातात आला. भोक मोठं होतं. बॉलला भोकं पाडून घेतली होती वर्षभरापूर्वी, बहुधा अंगठा सुजलेला असताना. अंगठा दिवसभरात कमी-जास्त होतो, दोन गेमनंतर वेगळा असतो, थंडीत वेगळा. भोक त्याच्याबरोबर बदलत नाही.

हात मागे झुलवताना, त्या झोक्याच्या टोकाला बॉल हातातून पडेल ही भीती त्याच्या हाताला होती. त्याला स्वतःला ती ठाऊकही नव्हती. माझ्या सूचनेने ती जाणार कशी?

बोलिंगच्या टेपची खरखरीत पांढरी पट्टी मी भोकात आत, अंगठ्याच्या पोटाच्या बाजूला चिकटवली. हात घालून पाहिला, अजून सैल. दुसरी पट्टी, पहिलीच्या किंचित खाली. मग तिसरी. आता अंगठा भिंतीला हलकेच घासत बाहेर येत होता, आणि हात खाली सोडला तरी बॉल लटकून राहत होता.

"एवढंच?" तो म्हणाला.

एवढंच नव्हतं. आवळायची सवय टेपने जात नाही. त्याला फाउल लाइनपाशी उजवा गुडघा टेकून बसवलं. पावलं नाहीत, पिनांकडे बघायचं नाही. बॉल घड्याळाच्या लंबकासारखा मागे-पुढे सोडायचा आणि तिसऱ्या झोक्याला जाऊ द्यायचा. हात कुठे वळवायचा हे मी मुद्दाम सांगितलं नाही, मनगट हा शब्द तर तोंडातून काढलाच नाही. फक्त म्हटलं, बॉलच तुझा हात ओढू दे.

पहिले चार झोके तसेच, धप्प. पाचव्याला अंगठा सुटताना बारीक 'पट्' असा आवाज आला आणि बॉल लेनवर टेकल्याचा आवाज जवळजवळ आलाच नाही. त्याने झटकन माझ्याकडे पाहिलं. त्यालाही तो ऐकू आला होता. मनगट सरळ होतं, बोटं बॉलच्या मागे होती, हात हस्तांदोलनाला पुढे करावा तसा थांबला होता. यातलं काहीच त्याने ठरवून केलं नव्हतं.

असे दहाच बॉल टाकले आणि दुखतंय म्हणून थांबलो. शेवटचा बॉल परत आला तेव्हा तो मी पुसू दिला नाही. लेनच्या तेलाची कडी बॉलवर उमटते, आणि बॉल कुठल्या भागावर लोळला ते त्या कडीवरून कळतं. सकाळच्या तीन बॉलनंतर ती लहानशी, अंगठ्याच्या भोकापासून बरीच लांब होती, भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या बॉलवर असते तशी. आता ती मोठी झाली होती आणि भोकांच्या बरीच जवळ सरकली होती.

तो कडीवरून बोट फिरवत बराच वेळ बसला. मग बॅग आवरताना पट्टा बाहेर काढून माझ्यापुढे धरला. "हा ठेवू का, मॅडम?"

म्हटलं, ठेव, पण बॅगेत. आणि टेपचं पाकीट वरच्या कप्प्यात ठेव.